वर्षाराणीची म्हैस

सोमवार, १४ जून २०२१. लातूर

आज पहिला तास झाला एकदाचा. कॅमेरे सगळ्यांचे बंद. काळ्या चौकोनांमधून कुठं कोंबडी, कुठं प्रेशर कुकर, कुठं कुणाचा आजोबा "कोन बोलून राहिलंय रे?" असं विचारत होता. मी एकटीच उजेडात बसून बोलत होते.

कंधारच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर ग्रंथपाल. ग्रंथालयाला गेल्या वर्षीपासून कुलूप. त्यामुळं लातूरला माहेरीच आहे. माहेरी म्हणजे काय, लग्न झालेलं नाही, घरीच. नांदेड विद्यापीठात पीएचडी चालू आहे. विषय, घरून शिकणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांची माहिती साक्षरता. पोरांना माहिती शोधता येते का, शोधलेली पारखता येते का, हे बघायचं. दर आठवड्याला त्यांनी स्वतःच्या आवडीचा विषय घ्यायचा, काय टाकून शोधलं, काय सापडलं, ते खरं वाटतं का आणि का वाटतं, एवढं लिहून पाठवायचं. मी गुण देणार.

एकानं विचारलं, "मॅडम, सगळ्यात वर येतं तेच खरं असतंय ना?" मला हसू आलं. मग वाटलं, माझा सगळा प्रबंध ह्याच वाक्यावर उभा आहे, हसू नये.

मंगळवार, २२ जून

पहिले स्वाध्याय आले. पोलीस भरती, पीकविमा, एका नटाची उंची, परत पोलीस भरती. वर्षाराणी नावाच्या बी.ए. द्वितीय वर्षाच्या मुलीनं विषय लिहिलाय, "म्हशीचे आजार". चांगला वाटला. पण शोधायला टाकलं काय, तर नुसतं "गाठ". त्याला लग्नगाठीपासून दोऱ्याच्या गाठीपर्यंत सगळं आलं असणार. दहापैकी तीन दिले आणि शेरा लिहिला, शब्दाला अर्थ अनेक, नेमकं लिहा.

संध्याकाळी तिचाच फोन आला. आवाज बारीक. "मॅडम, नेमकं म्हंजी कसं लिवायचं?"

मी सांगितलं, कुणाला, कुठं, कशी, कधीपासून. डॉक्टर विचारतो तसं.

"हाव," म्हणाली. मग, "मॅडम, स्वाध्याय मोबाईलवर टाकायला उशीर झाला तर चालंल का? मोबाईल दादाचाय. तो रानातून आल्यावर भेटतो."

चालेल म्हटलं. निम्म्या वर्गाची हीच गत आहे. 'सामायिक उपकरण' असा रकानाच केलाय मी.

बुधवार, ३० जून

वर्षाराणीनं एका आठवड्यात मोठी उडी मारली. शोधलं, "म्हशीच्या कासेला गाठ, दुखत नाही, कडक, हलत नाही". सापडलेल्या एका पानावर हळद आणि कसल्याशा पाल्याच्या लेपानं गाठ विरघळते असं होतं. खाली तिनं लिहिलंय, "विश्वास बसला नाही. ज्यानं लिहिलं त्यानंच खाली लेप विकायला ठेवला आहे."

हे मी सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं. तिचं नाव घेऊन. गप्पच होती. लाजली असेल.

तिला पशुवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकाचं एक प्रकरण पाठवलं. कासदाहाचं. तिनं वाचलं आणि कळवलं की ह्यात ताप आणि सूज आहे, तिच्या म्हशीला तसलं काही नाही. "गाठीवरची कातडी आत वढल्यासारखी दिसते. आणि म्हैस दाखवायला तयार होत नाही." 'तयार होत नाही' काय! म्हैस कधी तयार होते? भाषा सैल, म्हणून दोन गुण कापले. तरी वर्गात सगळ्यात जास्त तिलाच.

गुरुवार, ८ जुलै

निवृत्ती सरांचा फोन. सर माझे मार्गदर्शक. "शिवगंगा, आलेख चढता दिसला पाहिजे. सुरुवातीला कमी, शेवटी जास्त." मी म्हटलं, चढतोय सर, एक मुलगी तर फारच. तिचा वेगळा अभ्यास म्हणून समावेश कर, म्हणाले. मलाही तेच वाटत होतं. खरं सांगायचं तर तिच्यावर एक लेख होईल असं मनात आलं होतं.

ह्या आठवड्यातला तिचा प्रश्न, "म्हशीला झालं तर तिच्या वगारीला होतं का?" म्हशीवरून तिच्या मादी रेडकावर, थेट आनुवंशिकतेपर्यंत गेली पोरगी! पूर्ण गुण दिले. पुढं लिहिलं, उत्तम, जिज्ञासा वाढते आहे.

आई, म्हणजे आमची अव्वा, विचारत होती, रोज त्या मोबाईलला बघून कशाला हसतेस. एका विद्यार्थिनीची म्हैस आजारी आहे म्हटलं. अव्वा म्हणाली, मग त्यात हसायसारखं काय आहे.

सोमवार, १२ जुलै

काय लिहू. संताप झालाय.

ओळखीच्या एका पशुवैद्यांचा नंबर मिळाला म्हणून मीच वर्षाराणीला फोन लावला. तिच्या भावानं उचलला. शिवम. मी म्हटलं, तुमच्या म्हशीसाठी डॉक्टर सापडलेत.

"कोनती म्हैस?"

"तुमची. कासेला गाठ आहे ती."

तो हसायलाच लागला. "मॅडम, तुमचा नंबर चुकला बगा. आमच्याकडं म्हैस न्हाईच. दोन बैलं हायती अन एक शेळी."

म्हणजे महिनाभर ह्या मुलीनं मला बनवलं. कुठून तरी उतरवून काढलेले प्रश्न, मनानं रचलेली म्हैस. आणि मी वर्गात नाव घेऊन कौतुक केलं, सरांना सांगितलं. तिच्या नंबरवर संदेश पाठवला, "आपण दिलेली माहिती बनावट असल्याचे आढळले. आपला सहभाग रद्द करण्यात येत आहे." तो संदेश भावाच्याच हातात पडणार, हे पाठवताना सुचलं नाही. सुचलं असतं तरी पाठवला असता बहुतेक.

बुधवार, १४ जुलै

ती तासाला नव्हती. मी हजेरीत तिचं नाव घेतलं नाही. वर्गालाही काही वाटलं नाही, काळ्या चौकोनांत एक कमी.

सोमवार, १९ जुलै

दुपारी जेवताना अनोळखी नंबर. उचलला.

"मॅडम, मी वर्षाराणी. साक्षीच्या मोबाईलवरून बोलून राहिले. ती आमच्या गल्लीतलीच हाय. फोन ठिऊ नका."

मी कोरड्या आवाजात म्हटलं, बोला.

मग म्हणाली, "म्हैस न्हाई, मॅडम. माय हाय ती."

मला आधी कळलंच नाही. 'काय?' असंही विचारलं मी. मग एकदम सगळं कळलं आणि ताटावरून उठले.

तिनं सांगितलं ते असं. मागच्या दिवाळीत आईचा हात भाजला, तेव्हा हिनं तिला न्हाऊ घातलं. तेव्हा डाव्या छातीत गाठ हाताला लागली. आईनं शपथ घातली, बापाला नाही, भावाला नाही, कुणालाच नाही. दुखत नाही ना, मग गप बस.

"मग मला तरी सरळ सांगायचं ना," मी म्हटलं.

"कशावरून सांगू? दादाच्या मोबाईलवर सगळं दिसतंय. बाईच्या छातीचं टाकलं की काय काय फोटू येतात. त्यानं बघितलं तर काय समजंल माझ्याबद्दल? एकदा पुसून टाकलं, तर म्हनला, काय पुसलंस गं? मंग म्हशीचं काढलं. म्हशीचं कुनीबी काढतंय."

"आणि तुझा तो शेवटचा प्रश्न..."

"वगारीचा? तो माझा होता, मॅडम."

भावानं तिला विचारलं होतं म्हणे, बाईंना म्हैस कुठली सांगितलीस. ही म्हणाली, अभ्यासासाठी खोटी घेतली होती. त्यावर तो म्हणाला, बघ, काढून टाकलं ना. एवढंच. त्याच्या मनात काही आलं नाही.

फोन ठेवल्यावर तिचे सगळे स्वाध्याय पुन्हा वाचले. कुणाला, कुठं, कशी, कधीपासून. मी सांगितलं तस्सं, एकेक करून भरत गेली होती. नुसतं 'कुणाला' तेवढं झाकून. "दाखवायला तयार होत नाही" ह्या वाक्याला मी लाल खूण केली होती.

शुक्रवार, २३ जुलै

वर्षाराणी साक्षीच्या नंबरवरून रोज बोलते. आता सरळ विचारते आणि मला उत्तरं येत नाहीत. कॅन्सर असेल का? मी म्हटलं, ते मी सांगू शकत नाही, पडद्यावरून कुणीच सांगू शकत नाही, तपासावंच लागेल. तिला हे पटतं. आईला पटत नाही. आईचा एकच प्रश्न, दाखवायचं कुणाला, बाप्या डॉक्टर असला तर?

लातूरच्या सरकारी दवाखान्यात ह्या तपासणीला बाईडॉक्टर कोणत्या वारी बसतात? साधी गोष्ट. मी माहिती शोधायला शिकवणारी बाई. नेटवर जे पान मिळालं ते करोनाच्या आधीचं. दिलेले फोन वाजून वाजून बंद पडत होते. शेवटी स्कूटी काढली आणि गेले. केसपेपरच्या खिडकीवरच्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, "मंगळवार, शुक्रवार. सकाळी लवकर या, गर्दी असते." मी दोनदा विचारून घेतलं. मग आत जाऊन दारावरची पाटीही वाचून आले.

पाठ्यक्रमात एक सत्र वाढवायला हवं, जे नेटवर नाही ते कुणाला विचारायचं. पण ते सत्र घ्यायला माझ्याकडं तरी काय आहे?

सरांना हे सगळं सांगितलं. नाव न घेता. "प्रतिसादकापासून संशोधकानं अंतर ठेवावं, हे मी तुला शिकवलंय," म्हणाले. "पण माझी बहीण असती तर मी काय म्हटलं असतं, मला माहीत नाही. जे करायचं ते संशोधनाच्या बाहेर कर."

शुक्रवार, ३० जुलै

आल्या मायलेकी. घरी सांगितलं, कॉलेजच्या कागदावर पालकाची सही लागते, आणि मॅडम लातूरला आहेत. हे खोटं माझ्या नावावर आहे.

एस.टी.तून उतरल्या तेव्हा मी वर्षाराणीला ओळखलं नाही. चेहरा कधी पाहिलाच नव्हता. सावळी, उंच, आईपेक्षा डोकंभर उंच. आई, सरजाबाई, हिरवं लुगडं, तोंडाला पदर आणि वरून मास्क. नुसते डोळे. त्या डोळ्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमीच का त्या म्हशीच्या बाई?"

मी हो म्हटलं. काय म्हणणार.

"मला म्हैस केलं बगा हिनं," म्हणाली, आणि मास्कच्या आत हसली. मग हसणं थांबेना, तिचं आणि वर्षाराणीचं. स्टँडवरची माणसं बघायला लागली. हसता हसता सरजाबाईंनी माझा दंड धरला तो दवाखान्याच्या दारापर्यंत सोडला नाही.

डॉक्टरबाई तरुण होत्या. माझ्याहून लहान असतील. मी बाहेर थांबले. दारातून एवढंच ऐकू आलं, "मावशी, किती दिवसांपासून?" आणि सरजाबाईंचं उत्तर, "दिवाळीच्या बी आधीपासून." वर्षाराणीनं आईकडं पाहिलं असेल तेव्हा. तिला दिवाळीपासूनचंच माहीत होतं.

सुईनं तपासणी केली. अहवाल पुढच्या शुक्रवारी. घरी आणलं, अव्वानं जेवू घातलं. अव्वाला मी काही सांगितलं नव्हतं आणि तिनं काही विचारलंही नाही. सरजाबाई भाकरीला नावं ठेवून गेल्या. जाड झाली म्हणाल्या.

शनिवार, ७ ऑगस्ट

कॅन्सर आहे.

काल डॉक्टरबाईंनी सरजाबाईंनाच समोर बसवून सांगितलं. ऑपरेशन, मग औषधं. लवकर केलं तर चांगलं होण्यासारखं आहे, म्हणाल्या. ह्या वेळी मला आत बोलावलं होतं. सरजाबाई ऐकत होत्या, आणि शेवटी विचारलं काय, तर "मंग सोयाबीन काढायला कोन?" डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

सहीला नवरा लागणार नाही, पण घरी न सांगता हे होणार कसं? मी म्हटलं, मी फोन करते त्यांना. वर्षाराणी म्हणाली, "नको मॅडम. तुमचा फोन आला की आमच्या घरी काय तरी होतंय." चेष्टेत म्हणाली, पण खरंच आहे. "मीच सांगते."

आज सबंध दिवस फोनकडं बघत बसले. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, चारला दुकान बंद केलं, घरी आले, चहा झाला, तरी काही नाही.

सोमवार, ९ ऑगस्ट

सांगितलं तिनं. शुक्रवारीच, गेल्या गेल्या.

वडील, व्यंकटराव, उठले, बैलांना वैरण टाकली, परत आले आणि बायकोच्या शेजारी भिंतीला टेकून बसले. बायकोच्या शेजारी असं बसलेलं लेकरांनी त्यांना कधी पाहिलं नव्हतं म्हणे.

बिनसलं ते शिवमचं. ओरडला, "वर्षभर मला का न्हाई सांगितलं? मी कोन हाय मंग?" वर्षाराणी म्हणाली, तुझा मोबाईल होता. तो म्हणाला, "मोबाईल माझा हाय, माय काय माझी न्हाई का?" आणि निघून गेला. रात्री जेवायलाही आला नाही. सकाळी आला तेव्हा मोबाईलचं कुलूप काढून टाकून हिच्या उशाशी ठेवला.

मी तिच्या भावाबद्दल मनात एक चित्र करून ठेवलं होतं. तिनंही ठेवलं असेल. त्यानं घडवलं असेल का ते, का आम्हीच, मला ठरवता येत नाही.

गुरुवार, २ सप्टेंबर

ऑपरेशन झालं. काल. आज भेटायला दिलं. सरजाबाई झोपेत होत्या, चेहरा एवढासा झालेला. व्यंकटराव जिन्यात बसले होते, मला बघून उभे राहिले आणि उभेच राहिले.

शिवम बाहेरून औषधं घेऊन आला. पहिल्यांदाच पाहिलं त्याला. विशीतला पोरगा, उन्हानं काळवंडलेला, हातात डबा.

"मॅडम, तुमचा फोन आलता तवा मी लई हासलो," म्हणाला. "गावात समद्यांना सांगत फिरलो, कॉलेजच्या बाईला आमच्या घरी म्हैस दिसून राहिली म्हनून." मग खाली बघून म्हणाला, "मायीसमोरच सांगितलं मी. ती बी हासली."

डबा त्याच्या हातातून घेतला आणि आत गेले.

मंगळवार, २१ सप्टेंबर

सरांना तक्ते पाठवले. आलेख चढता आहे. सर खूश.

वर्षाराणीच्या ओळीत काय लिहायचं? तिनं जे केलं ते माझ्या एकाही रकान्यात बसत नाही, आणि बसवलं तरी ती गोष्ट माझी नाही, तिच्या आईच्या अंगाची आहे. सरांना विचारलं. म्हणाले, "मध्येच सोडले, असं लिही. नियमात बसतं." तसंच लिहिलं. प्रबंध छापला जाईल तेव्हा ती सोडून गेलेली विद्यार्थिनी असेल.

ती गेली एका ओळीत. उरलेल्यांचं काय? आज सगळे स्वाध्याय काढून बसले. एका मुलानं आठवडाभर फक्त "कंपनी परत कधी चालू होणार" एवढंच शोधलंय. मी लिहिलंय, कोणती कंपनी, अस्पष्ट, दोन गुण. एका मुलीनं चार आठवडे झोप येण्याचे उपाय शोधलेत. मी लिहिलं होतं, विषय बदला.

दोघांनाही आज फोन लावला. मुलाचा बंद आहे. मुलगी म्हणाली, काही नाही मॅडम, असंच. मी म्हटलं, बरं. पण हा माझा नंबर आहे आणि मी दुपारी मोकळी असते. ती म्हणाली, "हाव." मी उद्या परत करू का? की त्यानं तिला त्रास होईल? कळत नाही.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

कॉलेज उघडणार म्हणतात दिवाळीआधी. कुलपाची किल्ली कुणाकडं आहे ह्यावर गटात चर्चा चालली आहे.

दुपारी वर्षाराणीच्या नंबरवरून, म्हणजे शिवमच्या, आवाजी संदेश आला. बोलत होता शिवम. एखादा अर्ज वाचावा तसा.

"मॅडम, नमस्कार. माय इचारती की, तिचं जे आपरेशन झालंय..." मागून सरजाबाईंचा आवाज, "कशाचं ते सांग की." थोडा वेळ काहीच नाही. मग तो म्हणाला, "छातीचं आपरेशन झालंय, डाव्या. तर हात वर..." पुन्हा मागून, "वर न्हाई रं, बाजूला. वर जातोय थोडा. बाजूला न्यायला गेलं की काखेत वढतंय. अन भाकर थापताना न्हाई, पीठ मळताना. नीट इचार." शिवमनं सगळं पहिल्यापासून सांगितलं. छाती, डावी, काख, बाजूला, पीठ मळताना, दहा-बारा दिवसांपासून. ह्या वेळी अडखळला नाही.

मी दोनदा ऐकलं. कुणाला, कुठं, कशी, कधीपासून, सगळं होतं. उत्तर मात्र मला येत नव्हतं. शोधायला बसले, व्यायामाची चित्रं सापडली, बरी वाटली, पण ऑपरेशनला किती दिवस झाल्यावर करायचे त्यावर दोन ठिकाणी दोन मतं. म्हणून कळवलं, मला नक्की माहीत नाही, डॉक्टरबाईंना फोन लावून विचारते आणि संध्याकाळपर्यंत सांगते.

लगेच शिवमचा फोन आला.

"राहू द्या मॅडम. माय म्हनती, शुक्रवारी जायचंच हाय. तीच इचारनार हाय."